शब्दचर्चा : 'लो-रँक कोल' म्हणजे 'हलक्या प्रतीचा कोळसा' का?

तासगाव : द्राक्षबागायतदारांसाठी ह्युमिकचं (कोळशातून काढलेलं काळं सेंद्रिय आम्ल, पिकाला देतात) माहितीपत्रक मराठीत करतोय. 'हलक्या प्रतीच्या कोळशापासून तयार' असं छापलं तर लोक भेसळ समजतील. दुसरा शब्द सुचवा. शिवाय पुढे 'अपघटन' लिहू की 'विघटन'?

सांगली : 'हलकी प्रत' नकोच. प्रत राखेवर आणि उष्मांकावर ठरते, रँक ठरते कोळसा किती मुरलाय त्यावर. पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट ही चढती क्रमवारी. नेव्हेलीच्या लिग्नाइटमध्ये ओलावा जवळपास निम्मा, राख मात्र कमी. तरी तो लो-रँकच. 'अल्पपक्व कोळसा' म्हणा. त्यात ऑक्सिजन भरपूर असतो, कार्बॉक्सिल आणि फिनॉल हे अल्कलीत विरघळवणारे आम्लधर्मी गट शाबूत असतात, म्हणून तर ह्युमिक मिळतं. अँथ्रासाइटमधून काही निघणार नाही.

कराड : ह्युमिक काढणं हे अपघटनही नाही, विघटनही नाही. ते निष्कर्षण, म्हणजे आहे ते विरघळवून बाहेर काढणं. बारीक दळलेल्या 1 ग्रॅम लिग्नाइटला 0.1 नॉर्मल (म्हणजे सौम्य) पोटॅश अल्कली 10 मिली घालून रात्रभर हलवत ठेवायचं, गाळ वेगळा करायचा, वरच्या काळ्या द्रावात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून सामू 1 वर आणायचा. खाली बसतं ते ह्युमिक, वर पिवळट राहतं ते फुल्विक, आधीचा न विरघळलेला गाळ ह्युमिन. हे सगळं नायट्रोजनखाली करा. अल्कलीत हवा लागली की नमुन्याचं ऑक्सिडीकरण होतं, मग मोजता ते मूळ कोळशातलं राहत नाही.

खरं अपघटन, म्हणजे कोळशाचे मोठे रेणू रसायनाने तोडणं, रुथेनियम टेट्रॉक्साइडने होतं. ते बेंझिनची कडी जाळतं आणि तिला लोंबणारी साखळी आम्ल होऊन सुटते; कडीचा एक कार्बन सोबत येतो. म्हणजे 16 कार्बनचं आम्ल दिसलं तर साखळी 15 ची होती. ही आम्लं गॅस क्रोमॅटोग्राफीला (वाफ करून नळीतून घटक वेगळे करणारं तंत्र) लावण्याआधी मिथाइल एस्टर करून घ्यावीच लागतात, नाहीतर त्या नळीत, म्हणजे स्तंभात, चिकटतात आणि आलेखावरची शिखरं पसरट येतात. अनेक आम्लगट असलेली मोठी बहुआम्लं तरीही वाफ होऊन उडत नाहीत. त्यांना उच्च विभेदनाचा वस्तुमानमापक (मास स्पेक्ट्रोमीटर) लागतो. 'विघटन' जिवाणूंसाठी राखून ठेवा.

मिरज : पत्रकात 'विद्राव्य ह्युमिक आम्ल' लिहू नका. पाण्यात विरघळतं ते पोटॅशियम ह्युमेट, म्हणजे ह्युमिक आम्लाचा पोटॅशियम क्षार. फॉस्फरिक आम्ल किंवा कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच टाकीत घातलं की साका होतो आणि ड्रिपर तुंबतात. बोअरचं पाणी जड असेल तर आधी बाटलीत लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम ह्युमेट घालून अर्धा तास बघा. तळाला काळे कण बसले तर ते पाणी चालणार नाही.

तासगाव : मग असं छापतो : 'लिग्नाइट या अल्पपक्व कोळशातून अल्कलीने काढलेलं पोटॅशियम ह्युमेट. आम्लयुक्त किंवा कॅल्शियमयुक्त खतात मिसळू नये.'