नेपोलियनची पलटण २८ मिमीमध्ये: पांढरे पट्टे खडूसारखे आणि निळा कोट काळा, काय चुकतंय?

शाकोवाला
मंडळी, टेबलावरच्या युद्धखेळासाठी २८ मिमी उंचीच्या प्लास्टिक आकृत्यांची फ्रेंच लाइन इन्फन्ट्री (नेपोलियनचं नेहमीचं पायदळ) रंगवायला घेतली आहे. काळ वॉटर्लूचा, म्हणजे १८१५. चोवीस शिपायांची एक पलटण, काळ्या स्प्रे प्रायमरवर. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.
१) छातीवरचे पांढरे आडवे-तिरके पट्टे. चार-चार हात देऊनही खालचा काळा दिसतो, आणि पाचव्या हाताला रंगाचे खडे उठतात.
२) गडद निळा कोट हातात धरला तर छान दिसतो, टेबलावर ठेवला की थेट काळा.
३) ला ए सांत या वॉटर्लूच्या रणभूमीवरच्या शेतघराच्या आसपासची राय (गव्हासारखं उंच पीक) आणि चिखल कसा करावा? पलटण शेतात उभी राहता आली पाहिजे, नाहीतर नुसता देखावा होतो.

रेघओढ्या
पहिले दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणाहून येतात: काळा प्रायमर. पुढच्या खेपेला मध्यम राखाडी घ्या. उरलेल्यांना निदान वरून, ४५ अंशांतून, राखाडी स्प्रेचा एक हलका फवारा मारा. घड्यांत काळा राहील, उंचवट्यांवर राखाडी बसेल आणि पांढऱ्याचं निम्मं काम तिथेच संपेल.

पट्ट्यांवर सुरुवातीलाच शुद्ध पांढरा लावायचा नाही. आधी उबदार फिका राखाडी, म्हणजे वाळूच्या दगडासारखा रंग. तो एका हातात झाकतो. त्यावर हस्तिदंती पांढरा, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावरच्या वळणावर आणि छातीच्या फुगवट्यावर, टिंबाएवढा. खडे उठतात कारण पांढऱ्याचं रंगद्रव्य जड असतं, बाटलीच्या तळाशी बसतं आणि ब्रशवर लवकर वाळतं. बाटली मिनिटभर हलवा. दोन थेंब रंगाला एक थेंब पाणी घ्या आणि दर तीन-चार पट्ट्यांनंतर ब्रश धुवा. आधीचा हात पूर्ण वाळण्याआधी दुसरा दिला तर खालचा उचकटून गोळा होतो, तुमचे खडे बहुधा तेच आहेत.

रेघ ब्रशच्या टोकाने ओढू नका. ब्रश जवळजवळ आडवा धरा आणि केसांची कड पट्ट्याच्या उंचवट्यावरून खांद्याकडून कमरेकडे एका दमात फिरवा. साच्यात पट्टा कोटापेक्षा वर आलेला असतो, रंग आपोआप त्याच्यावरच राहतो. पट्टा आणि कोट यांच्यामध्ये केसाएवढी काळी-निळी फट शिल्लक ठेवा. दुरून पट्टा वेगळा दिसतो तो या फटीमुळेच.

छातीच्या पांढऱ्या लॅपलवर (कोटाच्या दुमडलेल्या पुढच्या भागावर) पांढरा पट्टा हरवतो. तिथे पट्ट्याच्या दोन्ही कडांना पातळ गडद राखाडी रेघ द्या, काळी नको. लॅपलला लाल किनार आहे. ती शेवटी ओढायला गेलात तर हात हमखास थरथरतो. उलट करा: अख्खा लॅपल आधी लाल रंगवा, मग आत पांढरा भरा आणि कडेला लालची सुतासारखी रेघ सोडा.

निळ्याचं म्हणाल तर खऱ्या कापडापेक्षा एक पायरी उजळ निळा घ्या. इतक्या लहान आकृतीवरून डोळ्यापर्यंत प्रकाश कमी येतो आणि घड्यांच्या सावल्या रंगात मिसळून जातात. बरोबर जुळवलेला रंग म्हणूनच काळा दिसतो. वॉश (घड्यांत साचणारा पातळ गडद रंग) सगळीकडे फासू नका, सगळीकडे गेला की एवढं करून उजळ केलेला निळा पुन्हा बुडाला. काखेत, पाठीच्या पिशवीखाली आणि कोटाच्या शेपट्यांच्या घड्यांत, एवढाच. उठाव देताना निळ्यात पांढरा घालू नका, रंग दुधाळ होतो. निळसर राखाडी मिसळा आणि फक्त कोपर, खांदा, बाहीच्या वरच्या घडीवर द्या.

निशाणबरदार
वरच्या सगळ्याला दुजोरा. पट्ट्यांवर दिवस घालवलेत तर वर्दीची मांडणीही नेमकी ठेवा, चोवीस आकडा त्यासाठी फार सोयीचा आहे. १८०८ च्या फेरबदलानंतर फ्रेंच पलटणीत सहा कंपन्या: चार फ्युझिलिअर (साधे शिपाई), एक ग्रेनेडिअर (निवडक धिप्पाड शिपाई), एक व्होल्टिजर (चपळ, पुढे पसरून लढणारे). कंपनी १४० जणांची, म्हणजे कागदावर ८४०. प्रत्येक कंपनीला चार आकृत्या दिल्या की एक आकृती ३५ माणसांची झाली. रांगेत ग्रेनेडिअर उजवीकडे, व्होल्टिजर डावीकडे. उजवी-डावी शिपायांची, समोरून बघणाऱ्याची नव्हे. इथे फार जण चुकतात.

शाकोवरच्या (उंच लष्करी टोपीवरच्या) गोंड्यांवरून फ्युझिलिअर कंपन्या ओळखू येतात: पहिली गडद हिरवी, दुसरी आकाशी, तिसरी नारिंगी, चौथी जांभळी. ग्रेनेडिअरना लाल खांदेपट्ट्या, व्होल्टिजरना पिवळसर कॉलर. बाकीच्यांची कॉलर १८१२ च्या नियमांप्रमाणे लाल, पांढऱ्या किनारीची. गोंडा दोन मिमीचा असतो, पण टेबलावर सगळ्यात आधी नजर जाते ती तिथेच, त्यामुळे हे रंग जरा भडकच ठेवा.

गरुड (काठीवरचं धातूच्या गरुडाचं निशाण) रेजिमेंटला एकच, तोही पहिल्या पलटणीकडे. दुसरी पलटण करत असाल तर तिला गरुड देऊ नका.

काही शिपाई ओव्हरकोटमधले घ्या. मोहिमेवर ते सर्रास घातले जात. त्यांचे रंग एकसारखे ठेवू नका: राखाडी, मातकट, तपकिरी असे तीन-चार मिसळा. लॅपल झाकला जातो, त्यामुळे रंगवायचा वेळही बराच वाचतो.

चिखलमाती
तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. वॉटर्लूला राय पुरुषभर उंच होती आणि आदल्या दिवशी, १७ जूनला, जोरदार पाऊस झाला होता. हे दोन दिसले नाहीत तर ते मैदान कुठलंही असू शकतं.

रायसाठी काथ्याचं पायपुसणं घ्या. तंतू २८ ते ३० मिमी उंचीवर कापा, पण कात्री सपाट चालवू नका, दोन-तीन मिमी खालीवर ठेवा. शेताचे तुकडे पलटणीच्या बेसच्याच (आकृत्या चिकटवलेल्या पाटाच्याच) मापाचे करा. पलटण शेतात शिरली की तेवढा तुकडा उचलायचा आणि जागी तुडवलेल्या रायेचा तुकडा ठेवायचा: त्याच काथ्याचे तंतू एकाच दिशेने आडवे चिकटवलेले. मूळ काथ्या लालसर तपकिरी असतो, जूनमधली राय पूर्ण पिकलेली नसते. वरच्या तिसऱ्या भागावर फिक्या पिवळसर हिरव्याचा ड्राय ब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हलका हात) मारा, बुंधा तसाच सोडा.

चिखल: बारीक वाळू दोन भाग, पांढरा गोंद एक भाग, गडद तपकिरी रंग अर्धा भाग. दोन मिमीचा थर द्या आणि अर्धवट सुकला की तोफेचं चाक त्यातून फिरवा. ओला असताना फिरवलंत तर चाकोरी मिटते, वाळल्यावर थर तडकतो. चकाकणारं व्हार्निश फक्त चाकोरीच्या तळाला आणि डबक्यांत द्या. सगळ्या बेसवर दिलंत तर माती प्लास्टिकसारखी दिसते. चिखलाचे शिंतोडे शिपायांच्या गेटरवर (पायांवरच्या कापडी पट्ट्यांवर) आणि ओव्हरकोटाच्या खालच्या कडेवरही हवेत, नाहीतर बेस एका लढाईचा आणि माणसं दुसऱ्या परेडची.

गोंद आकसताना बेस वाकवतो. २ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला फळा) हमखास वाकतो, ३ मिमी घ्या आणि खालच्या बाजूलाही गोंदाचा एक हात द्या, म्हणजे ताण दोन्हीकडून सारखा बसतो.

शेतघराच्या भिंती एक्सपीएस फोमच्या (घट्ट थर्माकोलसारख्या पत्र्याच्या) करा. त्यावर थेट स्प्रे मारू नका, स्प्रेमधलं सॉल्व्हंट फोम वितळवतं. आधी गोंद आणि काळा रंग मिसळून ब्रशने दोन हात द्या. भिंती चुन्याने पांढऱ्या, कोपऱ्यांवर पोपडे पडून खालची वीट दिसणारी. मोठ्या कोठाराचं पश्चिमेकडचं दार बसवू नका, आदल्या रात्री ते सरपणासाठी गेलं होतं.

एक मोजमापाची गोष्ट. आकृती ३५ माणसांची असते, घर मात्र एकच घर असतं. पूर्ण १/५६ मापात शेतघर केलंत तर अर्ध्या टेबलावर तेच बसेल. उंची आकृतीला जुळवा, लांबी-रुंदी निम्मी करा. डोळ्याला खटकत नाही.

शाकोवाला
खूप आभार. एकच राहिलं: काल पाच आकृत्यांवर मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला, निळ्यावर पांढरट धुकं आलं. रंग काढून टाकावा लागेल का?

रेघओढ्या
नाही. दमट हवेत मारलं की असं होतं, किंवा डबा नीट न हलवता मारला तर. ब्रशने चकाकणाऱ्या व्हार्निशचा पातळ हात द्या, धुकं बहुतेक जातं. चोवीस तास वाळू द्या आणि मग मॅट ब्रशनेच लावा. पुढच्या वेळी कोरड्या दिवशी, डबा दोन मिनिटं हलवून, २५-३० सेंमीवरून दोन हलके फवारे. संगिनी, बंदुकीची नळी आणि गरुड यांचा धातूचा रंग मॅट व्हार्निशनंतर लावा, नाहीतर पोलाद राखाडी प्लास्टिकसारखं दिसतं.