शेवटच्या मिनिटाला चेंडू कोणाच्या हाती: जॉर्डन की लेब्रॉन?

धागाकर्ता:
या प्रश्नाला माझ्या लेखी उत्तर एकच आहे. १४ जून १९९८ रोजी सॉल्ट लेक सिटीतील एनबीए (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग) अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात युटा जॅझ ८६-८३ असे पुढे असताना शिकागोच्या जॉर्डनने आधी ले-अप (बास्केटच्या अगदी जवळ जाऊन टाकलेला चेंडू) करून अंतर एका गुणावर आणले, मग मागून येऊन कार्ल मलोनच्या हातचा चेंडू काढून घेतला आणि टाइम-आउट न घेता, ब्रायन रसेलला चकवून, ५.२ सेकंद उरले असताना विजयी बास्केट केली. (रसेलला ढकलले की नाही, हा वाद युटावाल्यांनी घालावा.) याउलट २०११ मध्ये डॅलसविरुद्धच्या अंतिम मालिकेतील चौथ्या सामन्यात मायामीच्या लेब्रॉनने अवघे ८ गुण केले. ऐन मोक्याला कच खाणे म्हणतात ते हेच.

प्रतिसाद १:
२०११ चे समर्थन मीही करणार नाही. मात्र निर्णायक खेळ म्हणजे शेवटची बास्केट, हे गृहीतक मला मान्य नाही. २०१६ च्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात ८९-८९ अशी बरोबरी होती. वॉरियर्सचा खेळाडू आंद्रे इग्वोडाला ले-अपसाठी उडाला, तेव्हा मागून धावत आलेल्या लेब्रॉनने तो चेंडू बोर्डावर आपटून अडवला. त्यानंतर वॉरियर्सना एकही गुण मिळाला नाही आणि लेब्रॉनच्या क्लीव्हलँडने ९३-८९ असा विजय मिळवला.

धागाकर्ता:
पण कोंडी फोडणारा थ्री-पॉइंटर (लांबून केलेली तीन गुणांची बास्केट) लेब्रॉनचा सहकारी कायरी अर्विंगचा होता, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

प्रतिसाद २:
मग १९९७ च्या युटाविरुद्धच्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्याचे काय? ८६-८६ असताना जॉर्डनने पास दिला आणि बास्केट त्याचा सहकारी स्टीव्ह करने केली. जॉर्डनचा पास तो शहाणपणा आणि लेब्रॉनचा तो भित्रेपणा, हा दुजाभाव आहे. शिवाय नशिबाचा वाटाही मोजावा लागतो: २०१३ च्या अंतिम मालिकेत सॅन अँटोनियोविरुद्ध लेब्रॉनचा थ्री-पॉइंटर चुकला, सहकारी बॉशने रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घेतला आणि रे ॲलनने ९५-९५ अशी बरोबरी साधली. योगायोग असा, की घड्याळात तेव्हाही ५.२ सेकंदच उरले होते.

धागाकर्ता:
करचे उदाहरण मान्य. तरीही युटाच्या स्टॉकटनने करला मोकळे सोडले, कारण जॉर्डनला अडवायला एक माणूस पुरणार नाही, अशी धास्ती होती. ती धास्ती गुणफलकावर दिसत नाही, पण माझे मत तिच्यावरच उभे आहे आणि तूर्त ते बदललेले नाही.