मदत हवी आहे: वर्कशॉपने न विचारता सिलिंडर उतरवला, विमान चार महिने अडकलंय

नमस्कार मंडळी,

लिहू की नको करत बरेच दिवस गेले. आज हँगरवर जाऊन आलो आणि राहवलं नाही.

माझं स्वतःचं छोटं विमान आहे. सेस्ना १७२, लायकमिंगचं चार सिलिंडरचं ओ-३२० इंजिन. वार्षिक तपासणीला दिलं तेव्हा "तीन आठवडे धरून चला" म्हणाले. चार महिने झाले. आधी माणूस रजेवर, मग पार्ट यायचाय, मग "तुमचंच काम हातात आहे साहेब". जे फोन उचलतात त्यांना काही माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते फोन उचलत नाहीत.

उशिराचं मी सोसलं असतं. दुखणं वेगळंच आहे. कॉम्प्रेशनचे (८० पीएसआय दाबाने हवा भरली तर सिलिंडर किती दाब धरतो, त्याचे) आकडे कळवले ते असे, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत: ७६, ७२, ५८, ७४. मागच्या वर्षी तिसरा ७१ होता. "तिसरा गेला" एवढा निरोप आला. मी उलट फोन करेपर्यंत सिलिंडर उतरवून बाहेर कामाला पाठवूनही झाला होता! आता म्हणतात, एक काढलाच आहे तर उरलेले तीनही करून घ्या, चिंता मिटेल. कोणाची, ते काही कळलं नाही.

आज पाहिलं ते असं. उजवीकडे मागे, तिसऱ्याच्या जागी उघडं भोक. त्यातून कनेक्टिंग रॉड पिस्टनसकट बाहेर लोंबतोय, क्रँककेसच्या (इंजिनच्या मधल्या पेटीच्या) कडेवर टेकून. वर झाकण सोडा, साधं फडकंही नाही. नट एका डब्यात, कुठला कुठचा याची चिठ्ठी नाही. लॉगबुकं मागितली तर "ऑफिसात आहेत, ते आले की देतो".

बाकीचे तीन सिलिंडर काढू द्यावेत का? आणि अशा अवस्थेत विमान दुसरीकडे न्यायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची? जाणकारांनी कृपया सांगावं. "आधीच नीट वर्कशॉप निवडायचं होतं" हे मला घरी ऐकायला मिळतंय, इथे नको.

– एकटा_वैमानिक

टॉर्क_रेंच: कॉम्प्रेशन मोजलं तेव्हा इंजिन गरम होतं का? आणि हवा कुठून सुटत होती हे कोणी सांगितलं का?

एकटा_वैमानिक: विमान दिल्यानंतर पाच आठवड्यांनी मोजलं. मधे इंजिन कोणी सुरू केलं असेल असं वाटत नाही, म्हणजे थंडच. हवेचं कोणी काही बोललं नाही.

निवृत्त_मेकॅनिक: मग तो ५८ अर्ध्या किमतीचा आकडा. ही चाचणी इंजिन चालवून, गरम असतानाच करायची असते. आणि आकड्याआधी कान लावायचा. एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरच्या बाजूने आली तर इनटेक, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रिंगांचा आकडा आज ५८, उद्या गरम केल्यावर ६८ असा खुशाल हलतो. व्हॉल्व्ह जळला असेल तर बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालून दोन मिनिटांत दिसतो. यातलं काहीच न करता सिलिंडर उतरवला असेल तर त्याला निदान म्हणत नाहीत.

लायकमिंगच्या सूचनेत ६० च्या खाली गेल्यावर सिलिंडर काढण्याचा विचार करा असं आहे. विचार करा, उद्याच काढा असं नाही. ७० च्या वरच्या सिलिंडरला हात लावायचं कारणच नाही. तुमचे तिन्ही ७० च्या वर आहेत. तेव्हा सरळ नाही म्हणा, आणि तोंडी नको, लेखी म्हणा.

आता एक विचारतो, नीट आठवून सांगा. सिलिंडर उतरवल्यानंतर प्रोपेलर कोणी फिरवला का?

एकटा_वैमानिक: काका, तुम्ही विचारलंत म्हणून मोबाइलमधले फोटो काढून बघितले. तीन आठवड्यांपूर्वीच्या फोटोत भोक आहे आणि प्रोपेलर आडवा आहे. आजच्या फोटोत उभा.

टॉर्क_रेंच: अरे देवा.

निवृत्त_मेकॅनिक: तर मग आधी हे ऐका, बाकी सगळं नंतर. सिलिंडर धरून ठेवणारे काही लांब स्टड (आट्यांचे दांडे) क्रँककेसच्या आरपार गेलेले असतात. ते नुसता सिलिंडर धरत नाहीत, क्रँककेसचे दोन अर्धे आवळून आतली मुख्य बेअरिंगंही जागेवर धरतात. नट सैल केले की ती पकड कमी होते. त्या स्थितीत क्रँक (प्रोपेलर ज्यावर बसतो तो मुख्य दांडा) फिरवला तर बेअरिंगचा कवचभाग जागचा सरकू शकतो. म्हणून सिलिंडर निघाल्यावर क्रँक फिरवायचाच असेल तर आधी त्या जागी टॉर्क प्लेट (सिलिंडरऐवजी लावायची जाड पट्टी) बसवून स्टड आवळतात. तुमच्याकडे रॉड मोकळा लोंबत असताना फिरवलाय, म्हणजे पिस्टन कडेवर आपटला असण्याचीही शक्यता आहे.

सरकलंच असेल असं मी म्हणत नाही. पण कोणी फिरवला, किती फिरवला, प्लेट होती का, याचं उत्तर मिळेपर्यंत नवा सिलिंडर बसवू देऊ नका. एकदा बसला की आत बघायची वाट बंद. आणि भोक उघडं आहे तोवर टॉर्च मारून कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) नजर टाका. लायकमिंगमध्ये कॅम क्रँकच्या वर असतो. इंजिन नुसतं उभं राहिलं की त्यावरचं तेल ओघळून जातं आणि गंज धरतो. चार महिने, त्यातले काही आठवडे उघड्या भोकाने, म्हणजे बघायलाच हवं. एरवी तो बघायचा तर सिलिंडर काढावा लागतो, तुमचा काढलेलाच आहे.

ढगाआड: थोडं अवांतर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने बिघाडांच्या नोंदी तपासल्या. ठरलेली ५० तासांची तपासणी झाली की लगेच बिघाड वाढायचे आणि उडत गेलं की कमी व्हायचे. हात लावला की काहीतरी बिघडतं, हे तेव्हापासून माहीत आहे. आमच्याकडे मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) "जाता जाता" उघडला आणि पुढच्याच रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन-चाचणीला) एका बाजूवर आरपीएम धाडकन पडला. आता मी आधी फक्त तपासणी करायला सांगतो, दोषांची यादी हातात घेतो, आणि प्रत्येक दुरुस्तीला वेगळी परवानगी देतो. एकटा_वैमानिक, तुमच्या नियामकाच्या नियमात बसत असेल तर तुम्हीही तपासणी तिथेच बंद करून यादी घ्या आणि दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घ्या. यादीत सक्तीचे निर्देश कुठले आणि कारखान्याच्या नुसत्या शिफारशी कुठल्या, हेही वेगळं लिहून मागा. दोन्ही एकाच दमात "करावंच लागेल" म्हणून सांगितलं जातं.

टॉर्क_रेंच: लॉगबुकं आधी ताब्यात घ्या. मूळ देत नसतील तर तिथेच उभं राहून पानन्‌पान फोटो काढा. लॉगबुकाशिवाय विमान म्हणजे भंगार. आणि उतरवलेला सिलिंडर कुठे गेलाय, त्याचा नंबर काय, तेही लिहून घ्या. परत येताना दुसऱ्याचाच आलेला मी पाहिलाय.

एकटा_वैमानिक: सगळ्यांचे आभार. आज परत गेलो होतो. लॉगबुकांचे फोटो झाले, दीड तास लागला, कोणी खुर्चीसुद्धा दिली नाही. शेवटचं पान मात्र कोरं आहे. सिलिंडर उतरवल्याची नोंदच नाही. उरलेले तीन काढायचे नाहीत हे ईमेलने कळवलं.

प्रोपेलरचं त्यांच्याकडच्या पोराने मोकळेपणाने सांगितलं. दुसरं विमान बाहेर काढताना पातं आडवं येत होतं, म्हणून "जरासं" फिरवलं. टॉर्क प्लेट म्हणजे काय, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्यावर रागवावंसंही वाटलं नाही.

भोकावर मीच प्लास्टिक लावून चिकटपट्टी मारून आलो. गुरुवारी बाहेरचा एक मेकॅनिक बघायला येतोय. काका, त्याला बेअरिंगमध्ये नेमकं काय बघायला सांगू?

निवृत्त_मेकॅनिक: टॉर्च आणि आरसा आणायला सांगा. आणि तो येईपर्यंत प्रोपेलरला मोठी चिठ्ठी बांधा: हात लावू नये. बाकीचं रात्री सविस्तर लिहितो.