पुस्तकं बाद करायला घेतली आणि वाचक भडकले, माझं चुकतंय का?

पहिलं_पान

नमस्कार मंडळी. सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागून मला साडेतीन महिने झाले. कोर्स करताना वर्गीकरण तालिकीकरण सगळं घोकून झालं होतं, मार्कही बरे पडले, पण इथे रोज जे चाललंय ते कुठल्याच पेपरात नव्हतं.

मुद्द्यावर येते. आमची कपाटं गच्च भरलीत. फळीवर पुस्तकं इतकी दाबून बसवलीत की एक ओढलं की शेजारची दोन सोबत येतात, आणि नवीन खरेदीचे चार खोके माझ्या टेबलाखाली पडून आहेत कारण ठेवायला जागाच नाही. कमिटी म्हणाली जुनं काढा. मग मी पंधरा दिवस बसून पाचेकशे पुस्तकं वेगळी केली. तीन वर्षांत कोणी नेलं नाही की बाजूला, असा साधा हिशोब. गठ्ठे बांधून मागच्या दाराशी ठेवले आणि तिथेच घात झाला. एका आजोबांनी ते बघितले, रोज पेपर वाचायला येतात ते, आणि सगळ्या हॉलसमोर मला म्हणाले की तुम्हाला पुस्तकाची किंमत नाही, हे वाचनालय आहे की रद्दीचं दुकान. वर मोबाईलवर फोटो काढून कुठल्यातरी ग्रुपवर टाकला. आता रोज दोघंतिघं विचारायला येतात की पुस्तकं का फेकताय. गंमत म्हणजे फोटोत सगळ्यात वर जे पुस्तक दिसतंय ते फ्लॉपी डिस्क फॉरमॅट कशी करायची याचं आहे!

आणि एक दुसरं दुखणं. दिवसाचा निम्मा वेळ प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यात, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्यात आणि विसरलेले पासवर्ड रिसेट करण्यात जातो. हे आपलं काम आहे का खरंच? का मीच नाही म्हणायला शिकले नाही?

जुनी_फळी

ताई, आधी एक सांगतो, तुमचं काम चुकलेलं नाही, दाखवण्याची पद्धत चुकली. मी सव्वीस वर्षं या धंद्यात आहे आणि पहिल्या वर्षी मीसुद्धा असेच गठ्ठे दाराशी ठेवले होते. दोरीने बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा बघितला की माणसाच्या पोटात कालवतं, मग आत फ्लॉपी असो नाहीतर ज्ञानेश्वरी.

पण "तीन वर्षांत कोणी नेलं नाही" ही एकच फूटपट्टी सगळ्या कपाटांना लावलीत ते मात्र बरोबर नाही. १९७६ साली टेक्सासमधल्या ग्रंथपालांनी यासाठी एक पद्धत बसवली, तिला क्रू म्हणतात, आणि तिच्यात विषयागणिक मुदत वेगळी आहे. वैद्यकाच्या पुस्तकाला छापून पाच वर्षं होऊन गेली की शंका घ्यायची, कॉम्प्युटरच्या पुस्तकाला तीनच. कथा-कादंबरीला छापल्याचं वर्ष बघतच नाहीत, दोन वर्षांत कोणी हात लावला का एवढंच बघतात. आणि नुसत्या आकड्यावर कधीच जायचं नाही, सोबत पुस्तक हातात घेऊन बघायचं की यातली माहिती दिशाभूल करते का, फाटून कुबट झालंय का, याची सुधारित आवृत्ती आलीय का, दुसरीकडे सहज मिळेल का. आमच्याकडे मुलांच्या विभागात नऊ ग्रहांचं एक पुस्तक होतं, चित्रं इतकी सुरेख की मुलं भांडायची त्याच्यावरून. आता प्लूटोला २००६ मध्येच ग्रहांच्या यादीतून काढलंय. म्हणजे भरपूर नेलं जाणारं पुस्तक, पण चुकीचं शिकवणारं. तुमच्या हिशोबात ते फळीवरच राहिलं असतं. उलट एखाद्या गावाचा इतिहास, कुणीतरी पदरमोड करून छापलेला, दहा वर्षांत एकदा निघतो, पण ती कदाचित शेवटची प्रत असते. तिला हात लावायचा नाही, वेगळ्या कपाटात ठेवायची.

मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय. एका जुन्या शब्दकोशाचा दुसरा खंड बाद केला, पाठ तुटलेली म्हणून, आणि पहिला नि तिसरा तसेच फळीवर राहिले. त्यानंतर जो येईल तो नेमका दुसऱ्या खंडातलाच शब्द शोधायचा, नशीब बघा.

कागदोपत्री काम विसरू नका. कमिटीचा लेखी ठराव, यादी, दाखल नोंदवहीत (आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात क्रमांक देऊन नोंदतात ती) प्रत्येक दाखल क्रमांकापुढे "बाद" आणि तारीख, सॉफ्टवेअरमधूनही काढायचं, नाहीतर वाचकाला कॅटलॉगमध्ये दिसत राहतं आणि तुम्ही अर्धा तास शोधत बसता. आणि पुस्तकावर बादचा शिक्का ठळक मारा. आम्ही एका खेपेला शिक्का न मारता पुस्तकं देऊन टाकली, तर पुढचं वर्षभर सज्जन माणसं ती आणून देत होती, "तुमचं पुस्तक बाकावर सापडलं" म्हणून. एक पुस्तक तर तीनदा परत आलं.

आजोबांना सांगायचं तर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच सिद्धांतांतला पाचवाच सांगा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. लोक हे वाक्य वाचून म्हणतात वर्धिष्णू म्हणजे वाढवत न्यायची. आमचे सर म्हणायचे, अरे मूल वाढतं तेव्हा उंची वाढते, मोठा माणूस जुन्या पेशी टाकून नव्या धरतो तेव्हाही तो जिवंतच असतो ना.

खिडकीजवळची_खुर्ची

मी ग्रंथपाल वगैरे नाही, साधी वाचक, आणि मी त्या आजोबांच्या बाजूची आहे, सॉरी. तुम्ही म्हणता कोणी नेलं नाही. अहो मी आठवड्यातून चार दिवस वाचनालयात जाते आणि वर्षात जेमतेम पाच पुस्तकं घरी नेत असेन, बाकी सगळं तिथेच खुर्चीत बसून वाचते आणि शहाण्या मुलीसारखं परत फळीवर ठेवते. म्हणजे माझं वाचन तुमच्या रेकॉर्डला शून्य? मग मी वाचलेली पुस्तकं उद्या गठ्ठ्यात जाणार? संदर्भग्रंथ तर घरी देतच नाहीत कोणाला, त्यांचं काय करता मग.

जुनी_फळी

@खिडकीजवळची_खुर्ची, एकदम वर्मावर बोट ठेवलंत. म्हणूनच वाचनालयात पाटी असते की वाचून झालेलं पुस्तक फळीवर ठेवू नका, टेबलावरच राहू द्या. लोकांना वाटतं आम्ही आळशी किंवा खडूस, पण टेबलावरची पुस्तकं उचलताना आम्ही ती स्कॅन करतो, नाहीतर निदान मागच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने बारीक खूण करतो, म्हणजे जागेवरचा वापर मोजला जातो. तुम्ही शहाणपणाने परत ठेवता त्या दर वेळी त्या पुस्तकाचं एक मत वाया जातं. उद्यापासून बिनधास्त टेबलावर सोडून जा.

दशांश_चिन्ह

ताई, बाद करायच्या आधी एक तपासलंत का, की ती पुस्तकं "कोणी नेली नाहीत" की "कोणाला सापडली नाहीत"? यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

आमच्याकडे लांडग्यांवरचं एक छान पुस्तक सहा वर्षं पडून होतं. ड्यूईत, म्हणजे विषयाला नंबर देऊन पुस्तकं लावायच्या दशांश पद्धतीत, लांडगा ५९९.७७ ला, सस्तन प्राण्यांत, आणि कुत्रा ६३६.७ ला, पाळीव जनावरांत. घरातला कुत्रा आणि रानातला लांडगा सख्खे भाऊ असले तरी मध्ये चांगली दोन कपाटं. पण तेही सोडा. आमच्या मदतनिसाने ते पुस्तक ५९९.८ च्या, म्हणजे माकडांच्या, पुढे लावलेलं. का, तर सत्त्याहत्तर आठपेक्षा मोठे ना! दशांशात ०.७७ आधी आणि ०.८ नंतर हे शाळेत शिकलेलं असतं सगळ्यांनी, पण हातात वीस किलो पुस्तकं असताना ते कोणाला आठवतं. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. मी पोरांना सांगतो की पॉइंटच्या पुढचं "सत्त्याहत्तर" असं वाचूच नका, "सात सात" असं एकेक आकडा म्हणा. त्या दिवसापासून चुका निम्म्यावर आल्या. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हे हरवलेल्या पुस्तकापेक्षा वाईट, कारण हरवलेलं निदान हरवलंय म्हणून नोंद असते, हे मात्र कॅटलॉगमध्ये "उपलब्ध" म्हणून हसत बसलेलं असतं. रोज सकाळी दार उघडायच्या आधी एक कपाट घ्या आणि पाठीवरचे नंबर डावीकडून उजवीकडे नुसते वाचत जा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा उपाय नाही याला.

आता तुमचा प्रिंटर. हे आपलं काम आहे का, तर माझं मत हो, वैताग येतो तरी हो. पूर्वी माणूस अर्ज कसा लिहायचा याचं पुस्तक मागायला यायचा, आता तोच माणूस तोच अर्ज घेऊन कॉम्प्युटरपाशी येतो, गरज तीच आहे. फक्त दोन नियम पाळा. कीबोर्ड त्याच्याच हातात राहू द्या, आणि पासवर्ड, बँकेची माहिती, ओटीपी यातलं काही तुम्ही टाइप करू नका, चुकूनही नाही, उद्या काही झालं तर पहिलं बोट तुमच्याकडे. आणि तो उठून गेला की लॉगआउट केलंय का बघा, दहातले चार मेल उघडा टाकून जातात.

बरं या फॉर्मवाल्यांतूनच खरे प्रश्न बाहेर पडतात. एक बाई आल्या, म्हणाल्या कायद्याची पुस्तकं कुठे आहेत. मी ३४० चं कपाट दाखवलं आणि कामाला लागलो. वीस मिनिटांनी बघतो तर त्या जाडजूड ग्रंथांसमोर नुसत्या उभ्या, एकही उघडलेला नाही. मग जाऊन विचारलं की नेमकं काय बघताय, तर घरमालकाने आठवड्यात खोली रिकामी करा म्हणून चिठ्ठी दिलेली. त्यांना कायद्याची पुस्तकं नको होती, त्यांना हवं होतं ते एक पान आणि मोफत कायदा सल्ला कुठे मिळतो त्याचा पत्ता. माणूस पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न बहुतेक वेळा खरा नसतोच, लाजतो किंवा त्याला वाटतं यांना त्रास नको. तेव्हापासून मी बोट दाखवत नाही, सोबत चालत जातो, चालताना लोक बोलतात.

आणि जाता जाता, कोणी कितीही जवळचा असला तरी "आमच्या हिने कुठली पुस्तकं नेलीत" याचं उत्तर द्यायचं नाही. नवरा असो, सासू असो, कमिटीचा मेंबर असो. हे कोर्समध्ये एका ओळीत उरकतात, प्रत्यक्षात महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच.

कसर_विरुद्ध_मी

बांधणी बघणारा माणूस आहे, थोडक्यात सांगतो. त्या गठ्ठ्यातली पुस्तकं परत फळीवर नेणार असाल तर आधी एकेक उघडून हुंगा. कुबट वास किंवा पानांवर करडी-हिरवी पूड दिसली तर ती बुरशी, ते पुस्तक बाकीच्यांपासून लांब कोरड्या जागी, मास्क लावून. कसर लागली असेल तर तिला बांधणीतली खळ आवडते, म्हणून पाठीजवळ आधी बघा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे २० अंशाला आठवडाभर ठेवलं की किडा मरतो, बुरशी मात्र मरत नाही, ती नुसती झोपते.

आणि हात जोडून विनंती, फाटलेल्या पानाला ती चकचकीत चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत प्लास्टिक गळून पडतं आणि डिंकाचा पिवळा डाग तेवढा कायमचा राहतो. तुम्ही सुरुवातीला म्हणालात ना की एक ओढलं की दोन येतात, तर ओढताय कुठून ते पण बघा. पाठीची वरची कड, म्हणजे टोपी, बोटाने ओढली की पाठ तिथेच उसवते. दोन्ही बाजूची पुस्तकं जरा आत ढकलायची आणि हवं ते मधोमध धरून काढायचं.

पहिलं_पान

सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. गेले नऊ दिवस काय झालं ते सांगते.

गठ्ठे सोडले सगळे. दशांश_चिन्ह सर, तुमची शंका खरी निघाली, पाचेकशेपैकी एकेचाळीस पुस्तकांच्या पाठीवरचा नंबर आणि कॅटलॉगमधला नंबर जुळतच नव्हता, कोणीतरी कधीतरी चिकटवताना चुकवलेला. ती परत घेतली, नवीन चिठ्ठ्या लावल्या. सहा पुस्तकांना बुरशी होती आणि मी ती बाकीच्यांसोबत बांधली होती, कसरवाले दादा, आता त्या आख्ख्या गठ्ठ्याला हुंगत बसलेय. ठराव पण पास करून घेतला, शिक्का करायला टाकलाय.

त्या आजोबांना मी बोलावून यादी हातात दिली आणि म्हटलं तुम्हीच बघा, ज्याच्यावर हरकत असेल त्यापुढे खूण करा. मला वाटलं यादीतल्या सगळ्याच पुस्तकांपुढे करतील. दोन दिवस बसून त्यांनी अकरा खुणा केल्या. त्यातली नऊ मला अजिबात पटली नाहीत आणि तसं मी सांगितलं, थोडी बाचाबाची पण झाली. पण दोन त्यांचं बरोबर होतं, एक जुन्या नकाशांचं होतं ज्याची दुसरी प्रत मला कुठेच मिळाली नाही, ते वेगळ्या कपाटात गेलं. दुसरं त्यांनी स्वतः तिथेच खुर्चीत बसून चारदा वाचलंय म्हणे आणि दर वेळी फळीवर परत ठेवलंय. खिडकीजवळची_खुर्ची, तुमची आठवण आली तेव्हा. टेबलावर सोडायची पाटी परवाच लावली, पहिल्याच दिवशी संध्याकाळी चौसष्ट पुस्तकं जमली आणि ती परत लावायला मी नि मदतनीस सव्वा तास जास्त थांबलो, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं!

कीबोर्डला हात लावायचा नाही हा नियम चालू केलाय. एक काका रागावले, म्हणाले आधीच्या बाई तर सगळं भरून द्यायच्या.

खोक्यांपैकी तीन उघडून झाले, चौथ्याला जागा करायचीय अजून. आणि ग्रुपवरचा तो फोटो आजोबांनी काही काढलेला नाही, काल विचारलं तर म्हणाले मला डिलीट करता येत नाही, तुम्हीच करून द्या.