मदत हवी आहे : कोंबड्या मरायल्यात, माणसांना कसं जपावं?

जिंतूर तालुक्यातून विचारतोय. आईच्या गावरान कोंबड्या पटापट मरायल्यात. तुरा निळाकाळा, डोकं सुजलेलं, हिरवट हगवण. शेजारी म्हणतात, मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) आहे. पण २०२१ मध्ये आपल्याच परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला, २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले तेही त्यानंच, म्हणून धाकधूक. नुसतं बघून फरक कळतो का, की नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत गेल्याशिवाय नाहीच? जनावरांच्या दवाखान्यात कळवलंय, डॉक्टर उद्या येणार. तोवर मेलेल्या चुना टाकून पुरायच्या की नमुन्यासाठी ठेवायच्या? नीट शिजवलेल्या अंड्यांची भीती नाही, ७० अंशांवर विषाणू मरतो. भीती विष्ठेची अन् धुळीची. आई उघड्या हातानंच खुराडं झाडते, सांगून ऐकंना! तिला कालपासून कणकण आहे. सरकारी दवाखान्यात कोंबड्यांचं सांगितलं तर घशाचा नमुना घेतात का? कुणाला अनुभव असंल तर लवकर कळवा.