मदत हवी आहे : इंग्रजीच्या तासाला कॅरेक्टरायझेशन कसं शिकवावं? (सहावी ते आठवी)

नमस्कार. मी सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन हे अलंकार मुलांना ओळखता येतात, त्याची फारशी काळजी नाही. गाडं अडतंय ते कॅरेक्टरायझेशनपाशी, म्हणजे लेखक पात्राचा स्वभाव कसा दाखवतो ते ओळखण्यापाशी.

'ती उदार होती' असं लेखकाने सरळ सांगितलं असेल तर मुलं लगेच लिहितात. स्वभाव वागण्याबोलण्यातून सुचवलेला असला, म्हणजे इनडायरेक्ट, की गोंधळ सुरू होतो. सध्या अमेरिकन लेखक लँग्स्टन ह्यूजची 'थँक यू, मॅम' ही १९५८ची कथा घेतली आहे. पर्स हिसकावू पाहणाऱ्या रॉजरला मिसेस जोन्स घरी आणते, तोंड धुवायला लावते. मग पर्स पलंगावर तशीच टाकून पडद्यामागे स्वयंपाकाला लागते, मागे वळूनही बघत नाही. आणि रॉजर मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तिला सहज दिसेल असा बसतो. काय सुंदर जागा आहे ही!

मुलांना नेहमीचा पाच रकान्यांचा तक्ता दिला आहे: बोलणं, विचार, इतरांवर होणारा परिणाम, कृती, रूप. 'कृती'खाली सगळे लिहितात, 'रॉजर लांब बसला'. बरोबर आहे. पण यावरून तो कसा वाटतो, असं विचारलं की उत्तर येतं 'गुड बॉय', नाहीतर चक्क 'शाय'. पलंगावरच्या पर्सशी त्याच्या बसण्याचा संबंध कुणी लावत नाही. मला वाटतं, रकान्यांमुळेच प्रसंगाचे तुकडे पडतात. तिचा विश्वास आणि त्याची तो जपायची धडपड एकत्र वाचली तरच दिसते.

एका प्रश्नाने थोडा फरक पडला: 'त्याला आणखी कुठे बसता आलं असतं?' पर्सजवळ, दाराजवळ, अशी उत्तरं आली आणि मग 'तिला आपल्यावर संशय येऊ नये म्हणून तो तिकडे बसला' इथवर मुलं आपणहून पोचली. पण हे तोंडी. वही उघडली की पुन्हा 'रॉजर इज ऑनेस्ट', आणि खाली एक वाक्य उतरवलेलं. मधला 'का' गायब!

दुसरी अडचण फ्लॅट (एखाद्याच ठळक गुणाभोवती रचलेलं) आणि राउंड (अनेक पैलू असलेलं) पात्र यांची. फ्लॅट म्हणजे लेखकाला न जमलेलं पात्र, असं मुलं धरून चालतात. ही जोडी इंग्लिश कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली मांडली, तेव्हा फ्लॅट पात्रांचे फायदेही सांगितले होते. राउंड पात्राची त्याची कसोटी मला फार आवडते: ते आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं का? शिवाय राउंड म्हणजेच डायनॅमिक (कथेत बदलत जाणारं), असाही घोळ होतो. मिसेस जोन्स कथेत बदलत नाही, म्हणजे स्टॅटिक आहे, पण 'मीही सांगता न येण्यासारख्या गोष्टी केल्या आहेत' असं ती म्हणते तेव्हा तिला फ्लॅट कसं म्हणणार?

तर जाणकारांनो, पुरावा आणि निष्कर्ष यांमधला 'का' मुलांकडून लिहून घ्यायला तुम्ही काय करता? वाक्याचा साचा देता का, आणि दिलात तर तो पुढे काढून कसा घेता? फ्लॅट-राउंड आणि स्टॅटिक-डायनॅमिक एकाच वर्षी शिकवता की वेगवेगळ्या? आणि उत्तरं तपासताना, विशेषण चुकलं पण कारण नीट दिलं असेल तर गुण कसे देता? माझा कल कारणाला जास्त गुण देण्याकडे आहे, पण बाकीचे शिक्षक तसं करत नसतील तर मुलांना पुढच्या वर्गात त्रास होईल का?