रिओ: उर्काची टेकडी पायी चढून पुढे शुगरलोफची केबल कार मिळेल का?

जानेवारीत आमचं क्रूझ रिओच्या पिएर मौआ धक्क्याला लागतंय. सकाळी ८ ला उतरायचं, ५ च्या आत परत जहाजावर. मी आणि ताई, दोघीच. ब्राझीलचा व्हिसा झालाय. सिंहगड आम्ही नेहमी चढतो, त्यामुळे चढाची काळजी नाही.

जहाजाच्या सहलीत सगळा वेळ बसमध्येच जाणार, म्हणून ती घेतली नाही. मला उर्काच्या टेकडीवरची झाडी पायाखालून जायला हवीय! प्राया व्हर्मेल्याच्या किनाऱ्यालगतच्या क्लाउदिओ कौचिन्यो वाटेवरून उर्काच्या टेकडीवर (साधारण २२० मीटर) पायवाट जाते. तिथून ३९६ मीटरच्या शुगरलोफ शिखरावर मात्र दोर लावल्याशिवाय चढता येत नाही, म्हणून केबल कारचा (पहिला टप्पा खालून उर्का, दुसरा उर्काहून शुगरलोफ) दुसरा टप्पाच घ्यावा लागेल.

ऑनलाइन शोधलं, तर मला खालपासूनचं पूर्ण तिकीटच दिसतंय. तेच काढायचं ठरलं तर पैशाची अडचण नाही. पण पहिला टप्पा न वापरता ते वर चालतं का?

अलीकडे कोणी गेलं असेल तर नक्की सांगा: फक्त दुसऱ्या टप्प्याचं तिकीट उर्कावर मिळतं का, की खालूनच घ्यावं लागतं? आणि दुपारी तीनला खाली उतरलो तर धक्क्यापर्यंत टॅक्सीला किती वेळ धरावा?